स्प्रिंगच्या मागे लागू नका, आधी छर्रे बदला

प्रश्न : मी अंबड एमआयडीसीत टर्नर आहे, राहायला सिडकोत. मुलगा आठवीत आहे. त्याला शाळेकडून एअर रायफलच्या स्पर्धेत उतरायचं आहे. नवीन भारी रायफल परवडत नाही, म्हणून ओळखीतून देशी बनावटीची, नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल घेतली. दहा मीटरवरून एक छर्रा आठमध्ये लागतो, तर पुढचा दोनमध्ये. ट्रिगरही जड आहे. कारखान्यातले मित्र म्हणतात, डबल ताकदीची स्प्रिंग टाक, सगळं सुधारेल. लागेल तो पार्ट मी स्वतः लेथवर काढू शकतो. दुसरं म्हणजे माझ्या भावाची निफाडला द्राक्षबाग आहे. तो म्हणतो, रायफल घेतलीच आहेस तर हंगामात बुलबुल, साळुंक्या उडवायला बागेत दे. थोड्या पैशांत ही रायफल कशी सुधारू? – एक वाचक, नाशिक

उत्तर :

मुलाला खेळायचंय आणि वडिलांच्या हातात लेथ आहे, तेव्हा या रायफलचं नक्की काहीतरी करता येईल. पण मित्रांचा स्प्रिंगचा सल्ला आधी बाजूला ठेवा.

दहा मीटरच्या खेळात वेगाला फार किंमत नाही. ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या लाखालाखांच्या रायफलींतूनही छर्रा सेकंदाला साधारण १७०-१७५ मीटर वेगानेच सुटतो, म्हणजे ऊर्जा जेमतेम ८ ज्यूल. तुमच्या देशी रायफलमध्ये तेवढी ताकद बहुधा आताही असेल. नसतो तो सारखेपणा. एक छर्रा १७० च्या वेगाने गेला आणि पुढचा १८० ने, तर दहा मीटरवर दोघांच्या उंचीत जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक पडतो. टार्गेटवरच्या दोन रिंगांमधलं अंतर अडीच मिलिमीटर असतं. म्हणजे पोराचा नेम अगदी पक्का असला तरी नुसत्या वेगाच्या चढउतारात एका गुणापर्यंत फरक पडू शकतो. कडक स्प्रिंगने हा चढउतार कमी होत नाही, उलट वाढतो. या रायफलमध्ये स्प्रिंग पिस्टनला ढकलते आणि पिस्टनने सिलिंडरमध्ये दाबलेली हवा छर्रा सोडते. सिलिंडर तेवढाच, त्यात मावणारी हवाही तेवढीच, त्यामुळे वेगात थोडीशीच भर पडते. पिस्टन मात्र जास्त जोरात आपटतो, धक्का वाढतो, पुढचं वॉशर लवकर फाटतं, आणि तेरा वर्षांच्या मुलाला प्रत्येक वेळी नळी मोडताना दुप्पट जोर लावावा लागतो. दहा-पंधरा छर्ऱ्यांनंतर खांदे थरथरायला लागले की नेम कसा धरणार?

कायद्याचीही बाजू आहे. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल बाळगायला शस्त्र परवाना लागत नाही. या दोनपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तर ती परवान्याच्या यादीत जाते. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८० मीटरवर गेला की २० ज्यूल होतात. ताकद वाढवायच्या नादात कुठे पोहोचलो हे घरी मोजता येत नाही. खरेदीची पावती जपून ठेवा. ओळखीतून घेतली असेल तर विकणाऱ्याकडून मूळ पावती आणि त्याच्या सहीचा कागद मागून घ्या.

आता मोजमाप. तुमच्याकडे व्हर्निअर म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन असेलच, त्याचा इथे फार उपयोग होईल. दहा मीटरवर टार्गेट लावा. रायफल हातात धरून नको, टेबलावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर उताणा तळहात ठेवा, आणि त्यावर रायफलचा पुढचा भाग टेकवा. नेम तोच ठेवून पाच छर्रे मारा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून साडेचार मिलिमीटर वजा करा. हा झाला तुमचा ग्रुप. असे चार-पाच ग्रुप काढून वहीत लिहा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पण छर्ऱ्याची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणून छर्ऱ्याचं केंद्र मधापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं की दहा, पाचच्या आत पडलं की नऊ. याचा अर्थ, दहा मिलिमीटरच्या गोलात सगळे छर्रे टाकणारी रायफल नीट नेम धरला तर एकही गुण नऊच्या खाली जाऊ देणार नाही. साध्या स्प्रिंगच्या रायफलसाठी तेवढं लक्ष्य ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा पाच-पाच छर्ऱ्यांचे ग्रुप काढा, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

पहिला खर्च छर्ऱ्यांवर करा. रायफलमधल्या कुठल्याही पार्टपेक्षा जास्त फरक इथे पडतो, असं माझं ठाम मत आहे. बाजारात टोकदार, गोल डोक्याचे, चपट्या डोक्याचे असे छर्रे मिळतात. मुलाच्या खेळाला फक्त चपट्या डोक्याचे घ्या. ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात, त्यामुळे गुण नीट वाचता येतात. स्वस्त डब्यातला मूठभर माल उजेडात पांढऱ्या कागदावर ओता आणि पाहा : कुणाचा मागचा घेर चेपलेला, कुणावर शिशाची पापडी राहिलेली, कुणी दिसायलाच लहान. हे सगळे वेगवेगळ्या वेगाने सुटणार. चेपलेले बाजूला काढा. शक्य असेल तर दोन-तीन प्रकारचे चांगले मॅच छर्रे थोडे थोडे आणा. जर्मन डबे महाग वाटतात, पण सुरुवातीला एखाद्या खेळाडूकडून वीस-पंचवीस छर्रे मागून घेतले तरी चाचणी होते. ४.४९, ४.५०, ४.५१ अशा डोक्याच्या मापांतही ते येतात. कुठलं माप तुमच्या नळीला मानवतं, ते फक्त टार्गेटच सांगेल. भरताना छर्रा बोटाने सारख्याच दाबाने, नळीच्या तोंडाशी अगदी सपाट बसवायला मुलाला शिकवा.

दुसरं काम फुकटाचं आहे. रायफलचे स्क्रू तपासा. लाकडाला धरून ठेवणारे पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डजवळचा एक, हे स्प्रिंगच्या रायफलमध्ये हमखास सैल होतात, कारण या रायफलचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडून बसतो. मापात बसणाऱ्या पेचकसाने घट्ट करा. उगाच पिळू नका, लाकूड दबतं. मग नळी मोडायच्या बिजागरीकडे या. रायफल बंद करून नळी डावी-उजवीकडे हलवून पाहा. खेळ जाणवला तर बिजागरीचा बोल्ट कसा, नाहीतर दोन्ही बाजूला पातळ शिम वॉशर टाका. हे काम तुमच्या हातचं आहे. आठ आणि दोनमधला फरक बऱ्याचदा या बिजागरीतच असतो, कारण इथली थोडीशी ढिलाई दहा मीटरवर कित्येक मिलिमीटर होते.

त्यानंतर नळीचं मागचं सील. टिश्यू पेपरची पातळ पट्टी सांध्यावर आडवी ठेवून चिकटवा, छर्रा भरा आणि टार्गेटवर मारा. पट्टी फडफडली किंवा उडाली तर हवा तिथून गळतेय. मापाची ओ-रिंग (रबरी कडी) काही रुपयांत मिळते. गळती थांबली की वेग सारखा राहतो, आणि आपल्याला तेच हवंय.

पिस्टनवरचं वॉशर जुन्या देशी रायफलींत चामड्याचं असतं. ते वाळलं की हवा धरत नाही. पुष्कळ लोक अशा वेळी शिलाई मशीनचं तेल छिद्रातून आत सोडतात. ते अजिबात करू नका. दाबाखाली हवा तापते आणि ते तेल आत पेट घेतं. मग मोठा आवाज येतो, नळीतून धूर निघतो, छर्रा भलत्याच वेगाने सुटतो आणि वॉशर जळतं. फक्त सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब टाका, रायफल रात्रभर उभी ठेवा, आणि पुढे बरेच दिवस काही टाकू नका. नळी साफ करायची ती मागून पुढे, दोऱ्याला बांधलेल्या सुती चिंधीने. लोखंडी सळई आत घालू नका, तोंडाची कड खराब होते.

त्या कडेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या हातातलं कसब इथेच कामी येणार आहे. छर्रा नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श तोंडाच्या कडेला होतो. तिथे एका बाजूला बारीक बर म्हणजे धातूची खरबरीत कड असेल, तर मागून येणारी हवा एका बाजूने आधी निसटते आणि छर्रा तिरका ढकलला जातो. कान साफ करायची कापसाची काडी आत घालून हळूच बाहेर ओढा, सगळीकडून फिरवा. कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथे बर आहे. तसं आढळलं तरच नळी लेथवर घ्या. नळीच्या बाहेरच्या व्यासावर चकमध्ये धरून कट मारायचा मोह होईल. तसं करू नका. स्वस्त नळीत बोअर आणि बाहेरचा व्यास एका केंद्रावर असेलच असं नाही. बोअरमध्ये घट्ट बसणारी पिन टाका, तिच्यावर डायल लावून बोअर खरं करा, मगच तोंड हलकंसं सपाट करा आणि आतल्या कडेला बारीक चॅम्फर (तिरपा काप) द्या. काडीचा तंतू कुठे अडकला नाही, तर तोंडाला हात लावायचं कारण नाही.

आता स्प्रिंगकडे येऊ. ती बदलायची नाही म्हणालो, पण तिच्या आजूबाजूला सुधारायला जागा आहे. रायफल सुटल्यावर स्प्रिंग झणझणते ना? ती आतल्या गाइडवर सैल असल्यामुळे. डेलरिनच्या (एक कडक प्लास्टिक) रॉडमधून गाइड काढा, त्याचा व्यास असा ठेवा की स्प्रिंग हाताने दाबत त्यावर चढेल, डुगडुगणार नाही. स्प्रिंगची दोन्ही टोकं काटकोनात सपाट करून पॉलिश करा. पिस्टनच्या कडांना मॉलिब्डेनम ग्रीसचा अगदी पातळ हात, स्प्रिंगला चिकट ग्रीसचा तसाच पातळ थर, आणि पिस्टनच्या तोंडापुढे काहीही नाही. एवढ्याने धक्का मऊ होतो आणि झणझण थांबते. जास्त ग्रीस लावू नका. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा घट्ट ग्रीसने स्प्रिंग सुस्त होते आणि तोच छर्रा खाली लागायला लागतो.

मात्र रायफल उघडणं जोखमीचं आहे. आतली स्प्रिंग सोडलेली असली तरी दाबलेल्याच अवस्थेत बसवलेली असते. मागचं बूच पिन काढताच सुटून तोंडावर येऊ शकतं. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय ते काम करू नका, आणि पहिल्यांदा तरी हे काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून पाहा. मुलाला त्या दिवशी जवळ बसवू नका.

ट्रिगरबाबत तुम्हाला आवरायला सांगणार आहे. ट्रिगरला समायोजनाचा स्क्रू असेल तर तो अर्ध्या फेऱ्याने फिरवून पाहा, आणि अडकणाऱ्या पृष्ठभागाला मॉलिब्डेनम ग्रीसचा एक ठिपका लावा. बहुतेक वेळा तेवढ्याने घासट जाते. आतला खटका कानसीने घासून हलका करायचा नाही. खटका कमी झाला की नळी उघडी असतानाच रायफल सुटू शकते. छर्रा भरताना मुलाचा अंगठा तिथे असतो आणि नळी जोरात उसळून बंद होते. म्हणून भरताना दुसऱ्या हाताने नळी धरूनच ठेवायची, ही सवय त्याला पहिल्या दिवसापासून लावा. रायफल सज्ज करून तशीच ठेवू नका. छर्रा न भरता सोडूही नका, कारण समोर अडथळा नसल्यामुळे पिस्टन थेट आपटतो.

दुर्बीण विकत घेऊ नका. स्वस्त दुर्बिणी स्प्रिंगच्या दुहेरी धक्क्याने बिघडतात, शिवाय त्या लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात, दहा मीटरवर अस्पष्ट दिसतं आणि नेम सरकतो. शालेय स्पर्धांत ओपन साईट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साईट (बारीक छिद्रातून नेम) असे गट असतात. तुमची रायफल सुरुवातीला ओपन साईटमध्येच शोभेल. कुठली रायफल कुठल्या गटात चालते, ते या वर्षीच्या नियमांत जिल्हा क्रीडा कार्यालयात पाहून घ्या, खर्च त्यानंतर करा. मागच्या साईटच्या पातीला खेळ असेल तर तो काढा. पुढची पाती चमकत असेल तर कापूर जाळून त्याची काजळी तिच्यावर धरा. चमक गेली की कड ठसठशीत दिसते. टार्गेटवर उजेड जास्त आणि मुलाच्या डोळ्यांसमोर कमी राहील असं बघा.

मुलाच्या शरीराचं माप घ्यायला विसरू नका. मोठ्यांसाठी बनवलेला दस्ता तेरा वर्षांच्या मुलाला लांब पडतो. मग तो मान पुढे काढतो आणि पाठ मागे वाकवतो. खांद्याला दस्ता टेकवल्यावर गाल सहज साईटच्या रेषेत यायला हवा. लांब पडत असेल तर सुतारकाम जाणणाऱ्याकडून दस्ता मागून कापून घ्या आणि तो तुकडा जपून ठेवा. मुलगा वाढला की तोच तुकडा स्क्रूने परत लावता येईल. पकड कशी असावी हे रायफलने ठरवायचं असतं. स्प्रिंगच्या रायफलमध्ये छर्रा नळीत असतानाच धक्का सुरू झालेला असतो, म्हणून ती घट्ट आवळली की प्रत्येक वेळी वेगळी उसळते. पुढचा हात मोकळा, तळहातावर रायफल नुसती टेकलेली, आणि दर वेळी त्याच जागी. जागा चुकू नये म्हणून लाकडावर पेन्सिलची खूण करा. छर्रा सुटल्यावरही तो कागदाला लागल्याचा आवाज येईपर्यंत डोळा साईटवरून हलवायचा नाही. याने तुमचा ग्रुप आणखी आवळला जाईल.

मारायची जागा घराच्या गच्चीवर ठरवू नका. सिडकोत गच्चीला गच्ची लागून आहे, आणि एअर रायफलचा छर्रा शेकडो मीटर जाऊ शकतो. बंद खोलीत किंवा भिंतीसमोर मारा. लाकडी पेटीत जुनी वर्तमानपत्रं दाबून भरा, त्यामागे लोखंडी पत्रा ठेवा. उघड्या पत्र्यावर मारलेला छर्रा उलटून परत येतो. चष्मा दोघांनीही घालायचा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि छर्रे तोंडात धरून ठेवायची सवय दिसली तर तत्काळ मोडा. रायफल कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात.

आता भावाच्या बागेबद्दल. नाही. रायफल बागेत जाणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. बुलबुल, साळुंक्या, पोपट हे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यांना मारणं हा गुन्हा आहे. हंगामात बागेत तोडणीला बायका-माणसं असतात, कुणाच्या डोळ्यात छर्रा गेला तर? शिशाचे छर्रे खाण्याच्या आणि निर्यातीच्या द्राक्षांच्या घडांत राहिले तर ते कुणाला परवडेल? पक्षीरोधक जाळी महाग वाटते, पण ती वर्षानुवर्षं वापरता येते. गरज पडली तर जाळीच्या खर्चात तुम्ही थोडी मदत करा, पण खेळाची रायफल खेळासाठीच राहू द्या. पोराच्या मनात ही रायफल कागदावरच्या ठिपक्यासाठी आहे हे पक्कं बसणं, मला या सगळ्या दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक. नाशिकला नेमबाजीची खरी परंपरा आहे. निवृत्त पोलीस अधिकारी आणि क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम इथलेच. त्यांच्याकडून देशभरातले नेमबाज मन स्थिर ठेवायला शिकले. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, पण त्याची सुरुवातीची वर्षं नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतली. या शहरात क्लब आहेत, दहा मीटरची रेंज आहे. मुलाला आठवड्यातून एकदा तरी तिथे घेऊन जा. तिथे पीसीपी म्हणजे दाबून भरलेल्या हवेची रायफल हाताळायला मिळाली, तर स्प्रिंगच्या धक्क्याशिवाय त्याचा नेम खरंच किती आहे ते तुम्हालाही दिसेल. तिथले प्रशिक्षक त्याची उभं राहायची ढब पाहून एका तासात जे सांगतील, ते घरी नुसती रायफल दुरुस्त करून कळत नाही. पुढे तो खरोखर रमला, तर नवीन स्प्रिंगसाठी ठेवलेले पैसे क्लबच्या फीला वापरा.

आत्ता या रविवारी एवढंच करा : स्क्रू, बिजागरी, टिश्यूची पट्टी आणि दोन प्रकारचे छर्रे. आधीचे आणि नंतरचे ग्रुप व्हर्निअरने मोजून लिहा. पट्टी उडाली नाही, बिजागरी घट्ट आहे, आणि तरीही ग्रुप वीस मिलिमीटरच्या वर राहिला, तर मला आकड्यांसह पुन्हा लिहा. तेव्हा नळीचं तोंड आणि पिस्टन वॉशर यांपैकी आधी कशाला हात घालायचा ते त्या आकड्यांवरून ठरवू.